दहा सेंटांची वही

आकाशात रस्ते नसतात हे विधान १९३० साली तरी अक्षरशः खरे होते. त्या वर्षी एल्रे जेपेसन बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या टपाल-विमानांवर रुजू झाले, तेव्हा अमेरिकेत वैमानिकांसाठी उपयुक्त असे नकाशे जवळजवळ नव्हतेच. मोटारींचा नकाशा मांडीवर पसरून आणि लोहमार्गाकडे डोळे लावून विमान हाकावयाचे, अशी रीत होती. धुक्याने आणि अंधाराने अनेक सहकारी गिळले. डॅनिश स्थलांतरितांच्या घरी १९०७ साली जन्मलेल्या जेपेसन यांच्या परवान्यावर खुद्द ऑर्व्हिल राइट यांची स्वाक्षरी होती. परंतु डोंगर काही स्वाक्षरी पाहून वाट देत नाहीत.

त्यांनी दहा सेंटांची सुट्या पानांची एक काळी वही घेतली. धावपट्टीची लांबी, उतार, दिवे, अडथळे, इतकेच काय, हवामान सांगू शकतील अशा शेतकऱ्यांचे दूरध्वनी क्रमांकही ते तीत टिपू लागले. उंचीमापक घेऊन ते टेकड्या आणि धुराडी स्वतः चढत. सहकारी प्रती मागू लागले, तेव्हा १९३४ साली सॉल्ट लेक सिटीतील एका तळघरातून दहा डॉलरला वही विकली जाऊ लागली. १९६१ साली त्यांनी कंपनी टाइम्स मिररला विकली.

शिळे पान काढून ताजे घालता येणे, हे त्या वहीचे खरे मर्म. विमानात संगणक आले तरी ते टिकले. मार्गदर्शक यंत्रणेतील माहितीसाठा दर २८ दिवसांनी नवा केला जातो. मात्र कागद माणूस वाचतो, साठा यंत्र वाचते. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातील काली येथे उतरणाऱ्या विमानात रोझो या दिशादर्शक केंद्रासाठी ‘आर’ हे अक्षर दिले गेले. नकाशावर रोझोची खूण तीच होती. साठ्यातून मात्र त्या अक्षरावर बोगोटाजवळचे रोमिओ निवडले गेले. विमान पूर्वेकडे वळले, चूक उमगेपर्यंत डोंगर समोर आला आणि १५९ माणसे दगावली. चौकशीत मुख्य दोष वैमानिकांचा ठरला. २००० साली अमेरिकेतील ज्यूरीने जबाबदारीचा १७ टक्के वाटा जेपेसन कंपनीवरही ठेवला. तो अन्यायाचा म्हणवत नाही.

हा निकाल ऐकावयास संस्थापक नव्हते. २६ नोव्हेंबर १९९६ रोजी डेन्व्हर येथे त्यांचे निधन झाले. तेथील विमानतळाच्या मुख्य इमारतीला त्यांचे नाव आहे.