पगारवाढ नाकारली म्हणून नोकरी सोडली अन् लेथ मशीनचं रूपच पालटलं

कुठल्याही एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये डोकावून बघा. लेथवर लोखंडी जॉब गरगर फिरत असतो आणि टर्नर नुसतं हँडल फिरवत असतो. टूल त्याच्या हातात नसतं, मशीनवर घट्ट बसवलेलं असतं. आज यात काही विशेष वाटत नाही. पण ही पद्धत रुळली त्यात एका इंग्रज कारागिराचा मोठा वाटा आहे. त्याचं नाव हेन्री मॉडस्ले.

जन्म १७७१ चा, लंडनजवळच्या वुलविचचा. वडील तिथल्या शस्त्रागारात कामाला होते. बाराव्या वर्षी हेन्रीही तिथेच काडतुसांत दारू भरायला लागला. पुढे सुतारकाम, मग लोहारकाम शिकला. त्याचा हात इतका बसला, की कुलुपं बनवणाऱ्या जोसेफ ब्रामाने अठराव्या वर्षीच त्याला कामावर घेतलं. तिथे तो मुख्य कारागीर झाला. पण पगार आठवड्याला ३० शिलिंग. संसार वाढला तशी त्याने पगारवाढ मागितली, ब्रामाने नकार दिला. १७९७ मध्ये मॉडस्लेने नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप टाकलं.

तेव्हा बहुतेक टर्नर टूल हातात धरूनच धातू कापायचे. हात जरा हलला की जॉब बिघडायचा. एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसेलच याची खात्री नसायची. टूल धरणारी स्लाइड आणि आटे पाडणारं लेथ आधीही काहींनी बनवलं होतं. मॉडस्लेने १८०० च्या सुमारास स्लाइड, लीड स्क्रू आणि बदलता येणारे गिअर एकाच मजबूत, धातूच्या लेथवर आणले. गिअर बदलले की हव्या त्या मापाचे आटे पडायचे, तेही दरवेळी सारखेच.

पुढे मार्क ब्रुनेलच्या कल्पनेवरून त्याने पोर्ट्समथच्या गोदीसाठी जहाजाच्या कप्प्या बनवणारी ४० हून जास्त मशीन्स तयार केली. ११० कारागिरांचं काम १० जण करू लागले. म्हणजे अचूकपणा आला, पण हातांची गरजही घटली.

स्टीम हॅमरवाला जेम्स नॅस्मिथ आणि आट्यांचं प्रमाण ठरवणारा जोसेफ व्हिटवर्थ, दोघंही मॉडस्लेच्याच कारखान्यात तयार झाले.

१४ फेब्रुवारी १८३१ रोजी तो गेला. वुलविचमध्ये त्याच्या कबरीवर बिडाचं स्मारक उभारलं गेलं. त्याचं डिझाइनही त्याने स्वतःच करून ठेवलं होतं.