रुदरफोर्डची लॅब आणि माझी

टी.ई.ची परीक्षा संपली आणि अख्खं हॉस्टेल घरी पळालं. मी मात्र एका विद्यापीठाच्या फिजिक्स लॅबमध्ये दोन महिन्यांच्या समर इंटर्नशिपला गेलो. डोक्यात काय काय होतं! लेझर, नॅनो, गेला बाजार एखादा पेपर तरी. पहिल्या दिवशी सरांनी हातात एक गायगर काउंटर आणि एक वही दिली. काम एवढंच की खोलीतलं बॅकग्राउंड रेडिएशन मोजायचं. दहा मिनिटांत किती काउंट झाले ते लिहायचं, काउंटर शून्यावर आणायचा, की परत दहा मिनिटं. असे आठ दिवस.

आता आपल्याला जर्नल छापायची सवय! तिसऱ्या दिवशी दुपारी मी कॅन्टीनमध्ये बसून उरलेली वीस रीडिंग मनानेच टाकली. २४९, २५२, २५०, २५१... संध्याकाळी सरांनी वही दोन मिनिटं चाळली आणि जिथून माझी कलाकारी सुरू झाली होती, बरोब्बर त्याच ओळीवर बोट ठेवलं. रागावले नाहीत. कपाटातून रुदरफोर्डचं चरित्र काढून दिलं आणि हे वाचल्याशिवाय काउंटरला हात लावू नकोस म्हणाले.

मित्रहो, बारावीत रुदरफोर्ड म्हणजे तीन मार्कांची आकृती. माणूस म्हणून तो मला पहिल्यांदा भेटला तो असा, खजील अवस्थेत.

अर्नेस्ट रुदरफोर्डचा जन्म ३० ऑगस्ट १८७१ चा, न्यूझीलंडमधल्या नेल्सनजवळचा. बारा भावंडांतला चौथा. वडील गाड्यांची चाकं बनवायचे, शेती करायचे, आई शाळामास्तरीण. पोरगा शिकला तो सगळा स्कॉलरशिपवर. इंग्लंडला जायची स्कॉलरशिपसुद्धा आधी दुसऱ्यालाच मिळाली होती, त्याने नाही म्हटलं म्हणून ती याच्याकडे आली. (वेटिंग लिस्टवाल्यांनी नोंद घ्यावी.) १८९५ मध्ये तो केंब्रिजच्या कॅव्हेंडिश लॅबमध्ये जे. जे. थॉमसनच्या हाताखाली दाखल झाला. बाहेरच्या विद्यापीठाची मुलं रिसर्चला घ्यायला केंब्रिजने तेव्हा नुकतीच सुरुवात केली होती. येताना स्वतः बनवलेला रेडिओलहरींचा डिटेक्टर घेऊन आलेला हा गडी अर्ध्या मैलावरून सिग्नल पकडून दाखवत होता. ई अँड टीसीवाल्यांना हेवा वाटेल अशी सुरुवात! पण एक्स-रेचा शोध लागला आणि त्याने रेडिओ सोडला.

१८९८ मध्ये तो प्रोफेसर म्हणून कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात गेला. तिथे फ्रेडरिक सॉडीबरोबर त्याने दाखवलं की रेडिओॲक्टिव्हिटीत एका मूलद्रव्याचं आपोआप दुसरं मूलद्रव्य बनतं. त्यासाठी १९०८ चं नोबेल मिळालं, पण केमिस्ट्रीचं! फिजिक्सवाल्याचा एका रात्रीत केमिस्ट झाला, यावर तो स्वतःच हसायचा.

तोवर तो मँचेस्टरला आला होता, आणि माझ्या दृष्टीने खरी गोष्ट इथे सुरू होते. हान्स गायगर त्याचा मदतनीस. त्यांच्याकडे अर्नेस्ट मार्सडेन नावाचा वीस वर्षांचा पोरगा होता, अजून पदवीसुद्धा न झालेला. म्हणजे आपल्यासारखाच इंटर्न म्हणा ना! १९०९ मध्ये रुदरफोर्डने त्याला एक किरकोळ काम दिलं. धातूच्या पातळ पत्र्यावर आदळून अल्फा कण मागे उसळतात का, ते पाहायचं. काही निघेल अशी खुद्द रुदरफोर्डलाही फारशी आशा नव्हती.

काम कसं, तर आधी अर्धा तास अंधारात नुसतं बसायचं, डोळे सरावण्यासाठी. मग मायक्रोस्कोपला डोळा लावून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उमटणारे बारीक ठिपके मोजायचे. एकेक. रुदरफोर्ड स्वतः असं मोजायला बसला की दोन मिनिटांत वैतागून उठायचा, हे वाचून मला फार बरं वाटलं! मार्सडेन मात्र बसला. आणि साधारण आठ हजारांत एक कण खरोखर मागे येत होता. त्याने ते ठिपके मनाने टाकले असते तर काय टाकले असते? शून्य. सगळ्यांची अपेक्षा तीच होती.

रुदरफोर्ड त्यावर दीडेक वर्ष डोकं खाजवत राहिला. १९११ मध्ये त्यातून अणूचं केंद्रक निघालं.

पुढचं चरित्र भराभर वाचलं. १९१९ मध्ये कॅव्हेंडिशचा प्रमुख. संध्याकाळी सहाला लॅबला कुलूप ठोकणारा (आमच्या नाइट मारणाऱ्या मंडळींना तो आवडणार नाही). इंजिनिअर लोकांवर मात्र त्याचा जीव. कापित्सा आणि कॉक्रॉफ्ट दोघंही मूळचे इलेक्ट्रिकलवाले. आपले होमी भाभा १९२७ मध्ये केंब्रिजला गेले ते मेकॅनिकल करायला, आणि रमले या वातावरणातल्या फिजिक्समध्ये. जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्याला भरणाऱ्या सायन्स काँग्रेसचा अध्यक्ष म्हणून रुदरफोर्ड भारतात येणार होता. पण १९ ऑक्टोबर १९३७ ला हर्नियाच्या ऑपरेशननंतर तो गेला. त्याच्या जागी जेम्स जीन्स आले.

पण सरांनी मला पकडलं कसं? तेही रुदरफोर्डमध्येच सापडलं. १९१० मध्ये त्याने आणि गायगरने साडेसात-साडेसात सेकंदांचे २६०८ तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात किती अल्फा कण येतात ते मोजलं. कधी एकही नाही, कधी चार, कधी दहा. कण टाइमटेबल पाळत नाहीत, पण त्यांच्या बेशिस्तीला हिशेब असतो. सरासरी २५० असेल तर आकडे साधारण १६ ने वरखाली हलायलाच हवेत. माझे वीसच्या वीस शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे होते!

चौथ्या दिवशी ती वीस रीडिंग खोडली आणि परत बसलो. २३१, २६४, २४९, २२७, २७०. पीएच.डी. करणारा दादा चहाला बोलवायला आला तेव्हा सहावं चालू होतं आणि अजून सात मिनिटं बाकी होती. त्याला पुढे हो म्हटलं.