कवटीवरून माणूस कळतो का? इरावती कर्वेंनी १४९ कवट्या मोजून पाहिलं

बजाजनगरमध्ये राहायचं म्हणजे वाळूज एमआयडीसी, नोकरी आणि इंटरव्ह्यू हे विषय रोजचेच. त्यात मोबाइल उघडला की कपाळ आणि डोक्याचा आकार बघून स्वभाव सांगणारी रील्स.

ही भानगड नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी जर्मनीतले मोठमोठे प्रोफेसर असंच काहीतरी करत होते, आणि त्यातल्या एकाचा दावा खोटा ठरवणारी विद्यार्थिनी मराठी होती. इरावती कर्वे.

जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून नाव ठेवलेलं. शाळा पुण्याची हुजूरपागा, मग फर्ग्युसन, मुंबईत घुर्ये सरांकडे एमए. लग्न महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी. १९२८ मध्ये त्या पीएचडीसाठी बर्लिनला गेल्या.

गाईड होते ऑयगेन फिशर. वंशशास्त्रातलं वजनदार नाव, पुढे नाझींच्या कामी आलेलं. त्यांचं म्हणणं असं, की गोऱ्या युरोपियनांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, त्यामुळे कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, आणि म्हणून ते जास्त हुशार. इरावतीबाईंनी हे सिद्ध करायचं होतं.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. नुसत्या युरोपियन नाही, इतरांच्याही, आणि सगळ्या एकाच पद्धतीने. खरी मेख इथे आहे. तुलनेला दुसरा गटच नसेल, तर कुठलाही दावा खरा वाटू शकतो. आजच्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांनाही हाच नियम लागू पडतो.

निकाल आला: कवटीचा असमानपणा आणि वंश यांचा काही संबंध नाही.

परका देश, पदवी गाईडच्या हातात. तरी त्यांनी जे दिसलं तेच लिहिलं. चरित्रकार सांगतात, की फिशरनी त्यांना कसेबसे पास होण्यापुरते गुण दिले. १९३० मध्ये पदवी मिळाली.

म्हणून त्यांनी मोजपट्टी टाकून दिली का? नाही. पुढे डेक्कन कॉलेजात असताना त्या महाराष्ट्रातल्या जातीजमातींच्या लोकांची शरीरमापं घेत राहिल्या. त्यावर आज टीका होते, आणि मला ती रास्त वाटते.

पण माणसाचा स्वभाव शोधायला त्यांनी मोजपट्टी वापरली नाही. १९६७ च्या ‘युगान्त’मध्ये त्यांनी कुंती, द्रौपदी, कर्ण यांना त्यांच्या वागण्यातून, नात्यांतून आणि घेतलेल्या निर्णयांतून वाचलं. विदुर युधिष्ठिराशी कसा वागतो हे बघत, तोच त्याचा बाप असावा असा तर्कही त्यांनी मांडला. पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७० मध्ये त्या गेल्या. विदुराबद्दलच्या त्या तर्कावर लोक अजून भांडतात.