शब्दांच्या दफ्तराचे राखणदार : सर जेम्स मरे

इंग्रजीतील एखादा शब्द शुद्ध की अशुद्ध, असा वाद घरात किंवा कचेरीत निघाला, की तो बहुधा ऑक्सफर्डच्या शब्दकोशापाशी येऊन थांबतो. कोशात आहे तर बरोबर, नाही तर चूक, असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. परंतु ज्यांनी हा कोश उभारला, त्या जेम्स मरे यांना निकाल देण्याचे हे आसन कधीच नको होते. आयुष्याची छत्तीस वर्षे त्यांनी इंग्रजी शब्दांच्या सेवेत वेचली, आणि ती सेवा न्यायाधीशाची नव्हे, तर प्रत्येक साक्षीदाराचे म्हणणे निष्ठेने नोंदवून घेणाऱ्या लेखनिकाची होती.

७ फेब्रुवारी १८३७ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळील डेनहोम या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील गावचे शिंपी होते. घरात व गावात बोलली जाणारी स्कॉट बोली लंडनच्या शिष्ट समाजात गावंढळ समजली जाई. परिस्थितीमुळे चौदाव्या वर्षी शाळा सुटली. जिज्ञासा मात्र सुटली नाही. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन, भूगर्भशास्त्र, वनस्पतिशास्त्र, जे हाती येईल ते हा मुलगा शिकत गेला. गाईंनी लॅटिन नावांनी हाक मारल्यावर ओ द्यावी, असा प्रयत्नही त्याने करून पाहिल्याची आठवण सांगितली जाते. सतराव्या वर्षी तो जवळच्या हॉइक गावी साहाय्यक शिक्षक झाला आणि विसाव्या वर्षी तेथीलच एका शाळेचा मुख्याध्यापक. परिसरात जेम्स मरे नावाची माणसे अनेक होती, म्हणून त्याने स्वतःच आपल्या नावात ऑगस्टस हेन्री अशी भर घातली. जगाने पुढे त्यांना ओळखले ते या लांबलचक नावाने.

१८६२ मध्ये त्यांचा विवाह झाला. पहिले अपत्य तान्हेपणीच गेले आणि पत्नीची प्रकृती ढासळली. हवापालटासाठी शाळा सोडून ते लंडनला आले व चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना या पेढीत कारकून झाले. पत्नी मात्र वाचली नाही. बँकेतील खर्डेघाशी करीत असतानाच त्यांनी ब्रिटिश म्युझियममधील जागेसाठी अर्ज केला. अवगत असलेल्या भाषांची भली मोठी यादी त्यात होती, तरीही ती जागा त्यांना मिळाली नाही. १८६७ मध्ये एडा रुदव्हेन यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. पुढील साऱ्या खडतर वाटचालीत या बाईंनी संसार आणि कोश दोन्ही पेलले.

१८७० मध्ये लंडनजवळच्या मिल हिल येथील शाळेत ते शिक्षक म्हणून रुजू झाले. तीन वर्षांनी त्यांचा स्कॉटलंडच्या दक्षिणेकडील बोलीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपली मायबोली ही बिघडलेली इंग्रजी नसून तिला स्वतःचा इतिहास व व्याकरण आहे, हे त्यांनी त्यात साधार मांडले. त्यांच्या पुढील कार्याचे बीज येथेच दिसते. ज्याच्या बोलीला लोकांनी अशुद्ध म्हटले आहे, तो माणूस दुसऱ्याच्या बोलण्याला सहसा अशुद्ध म्हणत नाही.

इंग्रजीचा समग्र कोश करण्याची कल्पना फिलॉलॉजिकल सोसायटी या संस्थेने १८५७ मध्येच मांडली होती. पण पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज अकाली निधन पावले आणि त्यांच्यानंतरच्या फर्निव्हल यांच्या काळात काम विस्कळीत झाले. १८७९ च्या मार्चमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाशी करार होऊन मरे संपादक झाले. चार खंड आणि दहा वर्षे असा अंदाज होता. मग जुन्या सामग्रीची पोती येऊ लागली. एकात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात उंदरांचे जिवंत बिऱ्हाड. एच अक्षराच्या चिठ्ठ्या इटलीतील फ्लॉरेन्समध्ये सापडल्या. पी अक्षराच्या काही चिठ्ठ्या आयर्लंडमध्ये चूल पेटवण्याच्या कामी आल्या होत्या. शाळेच्या आवारात मरे यांनी पन्हळी पत्र्याची एक खोली उभारली, तीत चिठ्ठ्यांसाठी एक हजाराहून अधिक कप्पे केले आणि तिला स्क्रिप्टोरियम, म्हणजे लेखनशाळा, असे भारदस्त नाव दिले. दिवसा अध्यापन आणि उरलेल्या वेळी कोश, असा क्रम सहा वर्षे चालला. मुले चार पैशांच्या खाऊखर्चासाठी चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावून देत. घरात मुले अकरा असल्याने हातांची वाण नव्हती.

कामाची पद्धत सोपी, पण अफाट होती. इंग्रजी वाचणाऱ्या साऱ्या जगाला मरे यांनी आवाहन केले, की पुस्तके वाचा, शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य, ग्रंथाचे नाव व सालासह एका चिठ्ठीवर उतरवा आणि पाठवा. शब्द पहिल्यांदा केव्हा दिसला, त्याचा अर्थ कसा बदलला, तो केव्हा लोपला, हे संपादकाने ठरवायचे नव्हते. कालानुक्रमे मांडलेली वाक्येच ते सांगणार होती.

या वाचकांत दोन अमेरिकन गृहस्थ विशेष होत. एक डब्ल्यू. सी. मायनर हे लष्करी शल्यचिकित्सक. मनोविकाराच्या भरात त्यांच्या हातून खून घडला होता व ते ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात बंदिस्त होते. त्या कोठडीतून त्यांनी हजारो चिठ्ठ्या पाठवल्या, आणि मरे त्यांना स्नेहाने भेटत राहिले. दुसरे फिट्झएडवर्ड हॉल. १८४६ मध्ये गंगेच्या मुखाशी जहाज फुटल्याने ते हिंदुस्थानात अडकले आणि येथेच रमले. त्यांनी काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन केले आणि पुढे १८५७ च्या धामधुमीत ते सागरच्या किल्ल्यात होते. इंग्लंडला गेल्यावर विद्वानांशी बिनसल्याने ते सफोक परगण्यातील एका खेड्यात एकाकी राहिले. परंतु मरे यांच्या कोशाची मुद्रिते तपासण्यासाठी सुमारे वीस वर्षे त्यांनी रोजचे कित्येक तास दिले, तेही विनामूल्य.

हॉल यांचे नाव त्या काळच्या शब्दवादांशीही जोडलेले आहे. 'घर बांधले जात आहे' हे सांगण्यासाठी 'द हाऊस इज बीइंग बिल्ट' अशी रचना आज शाळाशाळांतून कर्मणी प्रयोग म्हणून शिकवली जाते. एकोणिसाव्या शतकात मात्र हीच रचना भ्रष्ट ठरवून तिच्यावर टीकेची झोड उठली होती. जुनी रीत 'द हाऊस इज बिल्डिंग' अशी होती, आणि तीच खरी इंग्रजी असे रिचर्ड ग्रँट व्हाइट यांच्यासारखे अमेरिकन टीकाकार मानत. 'रिलायबल' या शब्दावरही असाच आक्षेप होता. 'रिलाय' या क्रियापदामागून 'ऑन' येते, तेव्हा हा शब्द व्याकरणात बसतच नाही, असे म्हटले जाई. मग 'लाफ' मागून 'ॲट' येत असताना 'लाफेबल' कसा चालतो, या प्रश्नाला उत्तर नव्हते. हॉल यांनी १८७७ मध्ये 'एबल'ने संपणाऱ्या विशेषणांवर, मुख्यत्वे 'रिलायबल'साठी, अख्खे पुस्तक लिहिले. आज दोन्ही प्रयोग निर्वेध नांदत आहेत. ज्यांना एकेकाळी चूक म्हणून हिणवले, ते पुढे पाठ्यपुस्तकातील नियम झाले.

मरे यांच्यापुढे हा प्रश्न वादाचा नव्हे, तर दैनंदिन कामाचा होता. १८८३ मध्ये विद्यापीठाच्या बड्या मंडळींनी त्यांना सूचना धाडल्या, की उदाहरणे थोर ग्रंथकारांचीच घ्यावीत, वृत्तपत्रांतील घेऊ नयेत आणि बाजारू व शास्त्रीय शब्दांना आवर घालावा. आर्थिक नाड्या त्यांच्याच हाती होत्या आणि मरे कर्जात होते. तरीही ते हटले नाहीत. चालू काळाची भाषा वृत्तपत्रांतच दिसते. ती वगळली तर कोश जिवंत भाषेचा न राहता अभिजनांच्या आवडीचा होईल, ही त्यांची भूमिका होती. संपादकपद सोडावे लागले तरी चालेल, अशा निर्धाराने त्यांनी ती राखली.

१८८४ मध्ये पहिला भाग निघाला. पाने ३५२, आणि मजल 'ए'पासून 'ॲन्ट'पर्यंत. पाच वर्षांत मुंगीपर्यंत पोहोचलेला हा कोश दहा वर्षांत पुरा होणार नाही, हे उघड झाले. पुढील वर्षी शाळेचा निरोप घेऊन मरे ऑक्सफर्डला आले. घरामागील बागेत नवी लेखनशाळा उभी राहिली. पण शेजाऱ्यांच्या नजरेला खुपू नये म्हणून तिचा तळ जमिनीत खोल न्यावा लागला. त्या दमट, गारठलेल्या जागेत थंड वाऱ्यापासून बचावासाठी ते पाय पेटीत घालून काम करीत. टपाल इतके असे, की टपालखात्याने त्यांच्या घरासमोर स्वतंत्र पेटी बसवली.

त्या टपालात शब्दांच्या शुद्धाशुद्धतेविषयीचे प्रश्नही असत. फुलदाणीसाठीच्या 'व्हाझ' या शब्दाचा योग्य उच्चार कोणता, असा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी त्याचे चार उच्चार सांगून ज्याला जो रुचेल तो त्याने करावा, असे कळवले. माणसांचे पोशाख वेगळे, चालण्याच्या ढबी वेगळ्या, मग उच्चार तेवढे एकाच साच्याचे का असावेत, असा त्यांचा साधा विचार होता. कुऱ्हाडीच्या बाबतीत मात्र हा संयम ढळला. 'ॲक्स' हा शब्द शेवटच्या 'ई'शिवाय लिहिणेच सर्व दृष्टींनी सरस, असे त्यांनी कोशात नमूद केले. ब्रिटिश लोकांनी ते ऐकले नाही; ते आजही 'ई' लावूनच लिहितात. भाषा कोशकाराच्या आज्ञेत नसते, हे त्यांच्याच एका नोंदीने सिद्ध केले.

उणिवाही राहिल्या. दासी या अर्थाचा 'बाँडमेड' हा जुना शब्द चिठ्ठ्या हरवल्याने १८८७ च्या भागातून गळाला आणि १९३३ च्या पुरवणीत प्रथम आला. 'अपेंडिसायटिस' हा शब्दही कोशात नव्हता. १९०२ मध्ये याच विकारामुळे राजा सातवा एडवर्ड यांचा राज्याभिषेक लांबला आणि जो तो कोश उघडून तो शोधू लागला. जिवंत भाषेचा कोश छापून होतो, त्या क्षणीच तो जुना होऊ लागतो.

हेन्री ब्रॅडली, विल्यम क्रेगी व चार्ल्स अनियन्स हे सहसंपादक पुढे कामाला लागले. ब्रॅडली एकेकाळी शेफिल्डच्या एका व्यापारी पेढीत कारकून होते. एम अक्षराची जबाबदारी त्यांच्याकडे होती, आणि त्याच अक्षरात 'मंगूज' हा शब्द मराठी मुंगसाचे मूळ सांगत इंग्रजीच्या घरात येऊन बसला आहे.

१९०८ मध्ये मरे यांना 'सर' हा किताब मिळाला. ऑक्सफर्डने मानद पदवी दिली ती मात्र १९१४ मध्ये. २६ जुलै १९१५ रोजी, टी अक्षराचे काम चालू असताना, त्यांचे निधन झाले. कोशाचा जवळजवळ अर्धा भाग त्यांच्या हातचा आहे. १९२८ मध्ये तो पूर्ण झाला तेव्हा त्यात चार लाख चौदा हजारांवर शब्द आणि अठरा लाखांहून अधिक उदाहरणवाक्ये होती. ते पाहण्यास मरे नव्हते.

इंग्रजी ही परक्या दरबाराची भाषा आहे आणि तेथे आपली चूक धरण्यास कोणी तरी दंडाधिकारी बसला आहे, असे भय कित्येकांच्या मनात बालपणापासून असते. त्या दरबाराचे दफ्तर ज्यांनी लिहिले ते स्वतः एका शिंप्याचे चिरंजीव होते, चौदाव्या वर्षी शाळा सुटलेले, बोलीचा अभिमान बाळगणारे आणि पेशाने शिक्षक. त्या दफ्तरात दंडाच्या नोंदी नाहीत. कोणी, केव्हा, काय म्हटले, एवढेच आहे. वापरणाऱ्या प्रत्येकाला साक्षीदाराचा मान देणारे हे दफ्तर एका शाळामास्तराने शाळेच्या आवारातील पत्र्याच्या खोलीत उघडले, ही गोष्ट कोणत्याही शाळेने अभिमानाने आठवावी अशी आहे.