फ्लूची लस दरवर्षी ‘अपडेट’ का करावी लागते? थॉमस फ्रान्सिस यांची गोष्ट

फोनमधला अँटीव्हायरस बरेच दिवस अपडेट केला नाही, तर नवीन आलेला व्हायरस त्याला ओळखता येत नाही. फ्लूच्या लसीचंही काहीसं असंच आहे. गेल्या वर्षीची लस यंदा चालेलच असं नाही. हा धडा १९४७ साली एका मोठ्या अपयशातून मिळाला. लस ज्यांच्या मेहनतीतून तयार झाली होती, त्यांनीच ते अपयश मोजून जगासमोर ठेवलं. त्यांचं नाव थॉमस फ्रान्सिस ज्युनियर.

सुरुवात कशी झाली?

फ्रान्सिस यांचा जन्म १९०० साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात झाला. ते १८ वर्षांचे असताना फ्लूची भयंकर साथ आली आणि जगभरात कोट्यवधी माणसं गेली. तेव्हा हा आजार बॅक्टेरियामुळे होतो, असं अनेक डॉक्टरांना वाटत होतं. माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला तो १९३३ साली, लंडनमध्ये.

येल विद्यापीठातून डॉक्टर झालेले फ्रान्सिस तेव्हा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये होते. १९३४ मध्ये प्युर्टो रिको बेटावरच्या रुग्णांच्या नमुन्यातून त्यांनी फ्लूचा विषाणू वेगळा केला. ‘पीआर-८’ नावाचा हा विषाणू आजही लस बनवण्याच्या कामात वापरला जातो. १९४० मध्ये त्यांना फ्लूचा आणखी एक वेगळा प्रकार सापडला. आज आपण त्याला इन्फ्लुएंझा बी म्हणतो.

लस चालली, आणि मग फसली

१९४१ मध्ये ते मिशिगन विद्यापीठात साथरोगशास्त्राचे प्रमुख झाले. महायुद्ध सुरू होतं. १९१८ सारखी साथ पुन्हा आली तर फौजच आडवी होईल, ही भीती होती. त्यामुळे सैन्याच्या फ्लू समितीची जबाबदारी फ्रान्सिस यांच्याकडे आली. १९४३ च्या अखेरीस सुमारे साडेबारा हजार जवानांवर चाचणी झाली. काहींना लस दिली, काहींना औषध नसलेलं इंजेक्शन. लस न मिळालेल्यांपैकी सुमारे ७ टक्के जवान आजारी पडले, तर लस घेतलेल्यांपैकी फक्त २ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लस काम करत होती!

पण १९४७ मध्ये फ्लू परत आला, तेव्हा मिशिगनच्या हजारो विद्यार्थ्यांना लस दिलेली होती. फ्रान्सिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे काढले, तर लस घेतलेले आणि न घेतलेले जवळपास सारख्याच प्रमाणात आजारी पडले होते. लस खराब झाली नव्हती, विषाणू बदलला होता. हा निकाल त्यांनी लपवला नाही, त्याच वर्षी प्रसिद्ध केला. विषाणूवर सतत नजर ठेवायची आणि लस बदलत राहायची, ही गरज त्यातून स्पष्ट झाली.

पोलिओची सर्वात मोठी परीक्षा

जोनास साल्क यांनी फ्लूचं काम फ्रान्सिस यांच्याच हाताखाली शिकलं होतं. पुढे साल्क यांनी पोलिओची लस बनवली आणि ती तपासायचं काम फ्रान्सिस यांच्याकडे आलं. शिष्याचीच लस होती, तरी त्यांनी सवलत दिली नाही. निदान काही भागांत तरी निम्म्या मुलांना खोटी लस द्यायची, आणि कोणाला काय दिलं हे मुलं, पालक, डॉक्टर कोणालाच कळू द्यायचं नाही, असा त्यांचा आग्रह होता. कारण डॉक्टरला आधीच माहीत असेल, तर नकळत त्याचं निदानही बदलू शकतं.

१९५४ च्या या चाचणीत सुमारे १८ लाख मुलं होती. माहिती छिद्रं पाडलेल्या कार्डांवर भरून यंत्राने मोजली गेली. १२ एप्रिल १९५५ ला फ्रान्सिस यांनी निकाल जाहीर केला: लकवा आणणाऱ्या पोलिओपासून ही लस ८० ते ९० टक्के संरक्षण देते.

शरीराची ‘डीफॉल्ट सेटिंग’

वेगवेगळ्या वयाच्या लोकांचं रक्त तपासताना त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. लहानपणी ज्या फ्लूशी पहिली गाठ पडते, त्याची आठवण शरीर आयुष्यभर जपतं. नंतर वेगळा फ्लू आला, तरी शरीर आधी त्या जुन्याच फ्लूविरुद्धची अँटीबॉडी जोरात बनवतं. हा विचार त्यांनी १९६० मध्ये मांडला, आणि त्यावर आजही संशोधन चालू आहे.

१ ऑक्टोबर १९६९ रोजी फ्रान्सिस यांचं निधन झालं. आज जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा फ्लूच्या लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते सुचवते. त्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा नमुने तपासत असतात, आपल्या पुण्यातली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थाही त्यात आहे. त्यामुळे डॉक्टरांनी फ्लूची लस सुचवली, तर ‘मागच्या वर्षी घेतली होती की’ म्हणून टाळू नका. ते जुनं व्हर्जन होतं.