मास्टर दीनानाथ मंगेशकर : दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर उभा राहिलेला मुलगा



२४ एप्रिल ही मास्टर दीनानाथ मंगेशकर यांची पुण्यतिथी. लतादीदींचे वडील एवढी त्यांची ओळख आपल्या मुलांना असते. काहींना पुण्यातलं हॉस्पिटल आठवतं. पण दीनानाथांच्या आयुष्यातला एक भाग असा आहे, जो आपण शिक्षकांनी आणि पालकांनी मुद्दाम समजून घ्यावा.

आपल्याकडे काय होतं बघा. मोठी बहीण वर्गात पहिली येत असली की धाकट्याला पहिल्याच दिवशी तिचं नाव ऐकावं लागतं. लाडके सर बदलून गेले की नव्या सरांचं प्रत्येक वाक्य जुन्या सरांच्या मापाने मोजलं जातं. दीनानाथांच्या वाट्याला ही तुलना चौदाव्या वर्षाच्या आसपास आली. तीही घरात किंवा वर्गात नव्हे, तर तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांसमोर!

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटक उभे राहिले. त्या काळी स्त्रियांची कामे पुरुषच करत. किर्लोस्कर मंडळीचे पहिले मोठे गायक नट म्हणजे भाऊराव कोल्हटकर. उंच, धारदार आवाज आणि देखणे रूप. १९०१ मध्ये भाऊराव गेले तेव्हा आता संगीत नाटक संपलं, असं अनेकांना वाटलं. पुढे १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व कंपनीत आले. त्यांचा आवाज भाऊरावांसारखा नव्हता. तो मृदू होता, गोड होता. तुलना त्यांचीही झाली, पण हळूहळू लोकांचे कान त्या आवाजाला सरावले. इतके सरावले, की मग त्यांना दुसरा आवाज चालेना!

१९११ मध्ये खाडिलकरांचे मानापमान आले. बालगंधर्व भामिनी आणि नानासाहेब जोगळेकर धैर्यधर. त्याच वर्षी जोगळेकर वारले. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडली आणि गंधर्व नाटक मंडळी काढली. म्हणजे दोन-तीन वर्षांत जुन्या कंपनीचा नायकही गेला आणि नायिकाही गेली. नाव मोठं, पण रंगमंच रिकामा.

या रिकाम्या जागेवर दीनानाथ आले.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा, गोव्यातला. वडील गणेशभट नवाथे हे मंगेशीच्या देवळात पूजा-अभिषेक करत. आई येसूबाई स्वतः गाणाऱ्या घराण्यातल्या. गावावरून त्यांनी मंगेशकर हे आडनाव घेतलं. अगदी लहानपणी, पाचव्या वर्षाच्या सुमारास बाबा माशेलकर यांच्याकडे गाण्याची तालीम सुरू झाली. पुढे ते रामकृष्णबुवा वझे यांचे शिष्य झाले. देवळातलं संगीत, आईचं गाणं आणि गुरूंची तालीम अशी शिदोरी घेऊन हा मुलगा १९१४ च्या सुमारास किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला.

आता त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्यांच्या जागी उभं राहायचं ते बालगंधर्व पंचविशीतले, कीर्तीच्या शिखरावर. शिवाय ते काही निवृत्त झालेले नाहीत. त्याच काळात स्वतःच्या कंपनीत, भरजरी शालू नेसून रोज नवी वाहवा मिळवत आहेत. प्रेक्षक तिकडे जाऊन येतो आणि मग इकडे येऊन या पोराला ऐकतो. चौदा वर्षांच्या मुलासाठी ही परीक्षा सोपी होती का?

रसिकांमध्ये दोन तट पडले आणि ते पुढे कितीतरी वर्षं टिकले. गंधर्वप्रेमींचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बालगंधर्वांचं गाणं संथ, लयीला धरून, शब्द न शब्द स्पष्ट, आणि पद संपलं तरी भूमिका सुटायची नाही. हे ज्याला आवडलं त्याला दीनानाथांच्या तडाखेबंद ताना आणि अचानक घेतलेल्या झेपा बेचैन करणारच. दुसऱ्या बाजूचंही खरं होतं. दीनानाथांचा आवाज वरच्या पट्टीत सहज फिरणारा, तेजस्वी. पुढची जागा कुठली येणार याचा अंदाजच लागू देत नसत. ज्याला अशा गाण्याची ओढ लागली त्याला दुसरं काही सपक वाटू लागलं.

मित्रांनो, इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दीनानाथांना सोपा मार्ग उपलब्ध होता. बालगंधर्वांची नक्कल करायची. त्या काळात गंधर्वांसारखं गाणारे, गंधर्वांसारखं चालणारे कितीतरी नट निर्माण झाले. आज त्यातल्या बहुतेकांची नावं कुणाला सांगता येणार नाहीत. दीनानाथांनी जागा घेतली, पण त्या जागेचा जुना साचा घेतला नाही.

१९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. तेव्हा त्यांचं वय अठरासुद्धा पूर्ण नव्हतं! राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले. त्यांचं शेवटचं पूर्ण नाटक भावबंधन बळवंत मंडळीने रंगभूमीवर आणलं आणि त्यातली लतिका दीनानाथांनी केली. पुढे वीर वामनराव जोशी यांच्या रणदुंदुभीमध्ये ते तेजस्विनी झाले. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचं संन्यस्त खड्ग हे नाटक १९३१ मध्ये याच कंपनीने केलं. लाजरी नायिका गंधर्वांची, तर दीनानाथांच्या गळ्याला शोभली ती लढणारी, पेटलेली माणसं.

आणि मग त्यांनी मानापमान हातात घेतलं. तेच नाटक, ज्यावर गंधर्वांचा शिक्का बसलेला. पण दीनानाथ भामिनी झाले नाहीत, ते धैर्यधर झाले. सेनापतीच्या तोंडी शोभतील अशा स्वतःच्या चाली त्यांनी काही पदांना दिल्या. जुन्या चाली पाठ असलेल्या रसिकांना तेव्हा हे धाडस वाटलं असेल. पण आजच्या नाट्यसंगीताच्या मैफलीत धैर्यधराची पदं ऐका. बऱ्याच वेळा कानावर पडते ती दीनानाथांचीच चाल. भामिनीची पदं मात्र आजही गंधर्वांच्या वळणाने गायली जातात. एका नाटकात दोघेही राहिले!

पालकहो, ही गोष्ट इथेच संपवली तर ती छान वाटेल, पण खरी राहणार नाही. बोलपट आले आणि नाटक कंपन्यांचे दिवस फिरले. दीनानाथांनी चित्रपट काढायला घेतले, १९३४ चा कृष्णार्जुन युद्ध हा त्यातला एक. त्यात पैसा बुडाला, कर्ज झालं, कंपनी मोडली. व्यसनाने आणि आजाराने शरीर खचलं. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा वय अवघं ४१. थोरली मुलगी बारा वर्षांची आणि धाकटा मुलगा चार वर्षांचा. स्वतःचा मार्ग शोधणाऱ्याला यश मिळालंच आणि ते टिकलंच, असं आयुष्यात नेहमी होत नाही. मुलांना हेही सांगायला हवं.

त्या थोरल्या मुलीचं नाव आधी हेमा होतं. लतिकेच्या भूमिकेवरून पुढे ते लता झालं. वडिलांचा एक शिष्य रियाझ करताना चुकतोय म्हणून ही चिमुरडी त्याला दुरुस्त करत होती. ते दीनानाथांच्या कानावर पडलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला शिकवायला बसवलं. तीही पुढे वडिलांसारखी गायली नाही, स्वतःसारखी गायली.

शिक्षक मित्रांनो, वर्गासाठी एक छोटा उपक्रम सुचवते. बालगंधर्व आणि दीनानाथ या दोघांच्याही जुन्या ध्वनिमुद्रिका आज मोबाईलवर सहज मिळतात. प्रत्येकाचं एकेक पद मुलांना ऐकवा. चांगलं कोण, हा प्रश्न विचारू नका. काय काय वेगळं ऐकू आलं, एवढंच विचारा आणि फळ्यावर दोन रकाने करून मुलं सांगतील ते लिहा. आवाज, वेग, शब्द, मनात आलेलं चित्र, काहीही चालेल. चौथीची मुलंसुद्धा भरपूर सांगतात.

आणि पुढच्या वेळी एखाद्या मुलाचं प्रगतीपुस्तक उघडताना त्याच्या ताईचं नाव ओठावर आलं, तर क्षणभर थांबा. त्या मुलाचे असे दोन रकाने आपण कधी लिहिलेत का, ते आठवून बघा.