सिनेमा सुपरहिट झाला, पण ‘मेरी पॉपिन्स’ची लेखिका प्रीमियरला रडत होती

तारीख २७ ऑगस्ट १९६४. हॉलीवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरमध्ये वॉल्ट डिस्ने यांच्या ‘मेरी पॉपिन्स’चा प्रीमियर होता. सिनेमा संपला आणि लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. त्याच गर्दीत ६५ वर्षांची एक बाई रडत होती.

बघणाऱ्याला वाटलं असेल, आनंदाश्रू असतील. कारण ज्या पुस्तकांवर हा सिनेमा बनला होता, ती या बाईंनीच लिहिली होती. त्यांचं नाव पी. एल. ट्रॅव्हर्स. पण हे अश्रू आनंदाचे नव्हते. या प्रीमियरचं त्यांना साधं आमंत्रणही आलं नव्हतं. आपण येतोय असं कळवून, आमंत्रण मागून घेऊन त्या तिथं पोचल्या होत्या.

आता प्रश्न पडतो की आपल्या पुस्तकावर एवढा मोठा सिनेमा बनला, तर लेखिकेला वाईट का वाटावं?

त्यासाठी थेट ऑस्ट्रेलियात जावं लागेल.

९ ऑगस्ट १८९९ ला क्वीन्सलँडमधल्या मेरीबरो गावात एक मुलगी जन्मली. नाव ठेवलं हेलन लिंडन गॉफ. वडील ट्रॅव्हर्स गॉफ बँकेत मॅनेजर होते. माणूस हौशी, मुलीला गोष्टींची गोडी लावणारा. पण दारूचं व्यसन लागलं आणि मॅनेजरचा कारकून झाला. १९०७ मध्ये वडील गेले, तेव्हा हेलन अवघ्या ७ वर्षांची होती.

आई खचून गेली. एका रात्री ती जीव द्यायचं बोलून घराबाहेर पडली. घरात हेलन आणि तिच्यापेक्षा लहान दोन बहिणी. हेलननं बहिणींना जवळ घेतलं आणि एका जादूच्या पांढऱ्या घोड्याची गोष्ट सांगत बसली. आई सुखरूप परत आली. पण मोठी माणसं कोसळली की पोरांना गोष्टच सावरते, हे त्या मुलीला फार लवकर कळलं.

या काळात कुटुंबाला आधार दिला तो आईच्या आत्यानं. बोलायला फटकळ, शिस्तीला कडक, पण मनानं मऊ. पुढं हीच आजी ‘मेरी पॉपिन्स’मध्ये डोकावते असं मानलं जातं.

मोठी झाल्यावर हेलन नाटकात काम करू लागली आणि तिनं नाव बदललं. पामेला लिंडन ट्रॅव्हर्स. नीट बघा, वडिलांचं पहिलं नाव तिनं आपलं आडनाव करून टाकलं. ज्या बापाला बँकेनं खाली ओढलं, त्याचं नाव ती आयुष्यभर लावणार होती.

१९२४ मध्ये त्या इंग्लंडला आल्या. पत्रकारिता केली, कविता लिहिल्या. आयर्लंडचे कवी आणि संपादक जॉर्ज रसेल यांनी त्यांच्या कविता छापल्या, कवी डब्ल्यू. बी. येट्स यांच्याशी ओळख झाली. पुराणकथा आणि मिथकं हा त्यांच्या आवडीचा विषय बनला.

१९३४ मध्ये ‘मेरी पॉपिन्स’ हे पुस्तक आलं. लंडनच्या चेरी ट्री लेनमधल्या बँक्स कुटुंबात वाऱ्याबरोबर एक नॅनी येते. मुलांना विलक्षण ठिकाणी घेऊन जाते आणि परत आल्यावर असं काही झालंच नाही म्हणून सांगते. ही नॅनी लाडीगोडी लावणारी नाही. तोऱ्यात राहणारी, स्वतःला दुकानाच्या काचेत न्याहाळणारी आणि कुणालाही कसलंच स्पष्टीकरण न देणारी बाई आहे. घरातले वडील कुठं काम करतात? बँकेत. आडनावही बँक्स.

पुस्तक गाजलं आणि अमेरिकेत वॉल्ट डिस्नेंच्या मुलींच्या हातात पडलं. यावर सिनेमा करेन, असा शब्द डिस्नेंनी मुलींना दिला. १९३८ च्या सुमारास त्यांनी हक्क मागायला सुरुवात केली. ट्रॅव्हर्स बाईंनी नकार दिला, आणि हा नकार २० वर्षांहून जास्त टिकला. आपल्या मेरीचं हे लोक कार्टून करून टाकतील, ही त्यांची भीती होती. डिस्ने स्वतः लंडनला त्यांच्या घरी जाऊन आले.

शेवटी बाईंनी होकार दिला, कारण पैशांची गरज होती. पुस्तकं पूर्वीसारखी खपत नव्हती. करार मात्र त्यांनी तगडा केला. १ लाख डॉलर आगाऊ, कमाईत ५ टक्के वाटा आणि पटकथेला मंजुरी देण्याचा हक्क. हा तिसरा मुद्दा लक्षात ठेवा, खरी मेख तिथंच आहे.

१९६१ मध्ये त्या लॉस एंजेलिसला गेल्या. समोर पटकथेवर काम करणारे डॉन डग्रॅडी आणि गाणी रचणारे रॉबर्ट व रिचर्ड शेरमन हे भाऊ. प्रत्येक बैठक टेपवर रेकॉर्ड झाली पाहिजे असा बाईंचा आग्रह. मग पानापानावर आक्षेप सुरू झाले. मेरी आणि बर्टमध्ये प्रेमप्रकरण नको, कार्टून नको, एवढंच काय, सिनेमात लाल रंगच नको! शेरमन बंधू टेकीला आले. ज्या डिस्नेंनी इतकी वर्षं पाठपुरावा केला, ते स्वतः या दिवसांत बहुतेक वेळ गावाबाहेर होते.

त्यातल्या थोड्याच मागण्या मान्य झाल्या. प्रेमप्रकरण आलं नाही, पण पडद्यावरची मेरी गोड आणि गाणारी झाली. पुस्तकातला १९३० च्या दशकाचा काळ १९१० वर गेला. बर्टसोबत नाचायला चक्क कार्टूनमधले पेंग्विन आले.

म्हणून प्रीमियरला डोळ्यांत पाणी होतं. तिथंच बाईंनी डिस्नेंना गाठलं आणि कार्टूनचा भाग काढायला सांगितलं. डिस्नेंनी थंडपणे उत्तर दिलं की आता वेळ निघून गेली. कारण करारात हक्क होता तो कागदावरच्या पटकथेवर. तयार झालेल्या सिनेमात काय ठेवायचं आणि काय कापायचं, हे ठरवायचा हक्क स्टुडिओकडेच होता. बाईंनी शब्द न् शब्द तपासला, पण पडदा त्यांच्या हातात कधीच नव्हता.

सिनेमाला १३ ऑस्कर नामांकनं मिळाली, त्यातली ५ जिंकली. ज्युली अँड्र्यूज सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. ५ टक्क्यांच्या वाट्यानं ट्रॅव्हर्स बाई श्रीमंत झाल्या. पण पुढच्या भागासाठी हक्क मागणाऱ्या डिस्नेंना त्यांनी दाद दिली नाही. १९६६ मध्ये डिस्ने गेले. बाई मात्र लिहीत राहिल्या, मेरीचं शेवटचं पुस्तक १९८८ मध्ये आलं.

नव्वदी ओलांडल्यावर निर्माते कॅमेरॉन मॅकिंटॉश यांना त्यांनी मेरीचं नाटक करायची परवानगी दिली. अट काय? लिहिणारे इंग्रज हवेत आणि त्या सिनेमाशी संबंधित कुणीही नको. २३ एप्रिल १९९६ ला, वयाच्या ९६ व्या वर्षी त्या लंडनमध्ये वारल्या. २००४ मध्ये नाटक आलं, पण डिस्ने कंपनीच्या भागीदारीत. नवी गाणी इंग्रज जोडीनं लिहिली आणि त्यांच्यासोबत शेरमन बंधूंची सिनेमातली जुनी गाणीही वाजली. लोकांना तीच तर पाठ होती.

२०१३ मध्ये तर डिस्ने कंपनीनं बाईंवरच सिनेमा काढला, ‘सेव्हिंग मिस्टर बँक्स’. एमा थॉम्पसन ट्रॅव्हर्स झाल्या, टॉम हँक्स डिस्ने. त्यातही प्रीमियरला ट्रॅव्हर्स रडतात, पण वडिलांच्या आठवणीनं मन मोकळं होऊन, जणू सिनेमानं जुनी जखम भरली. म्हणजे आधी बाईंची मेरी बदलली, मग त्यांचे अश्रूही.

पण त्याच सिनेमाच्या शेवटी, नावं सरकत असताना, १९६१ च्या त्या टेपचा एक तुकडा ऐकू येतो. त्यात खऱ्या ट्रॅव्हर्स बाई आहेत, काय हवं आणि काय नको ते ठणकावून सांगणाऱ्या. रेकॉर्डिंगचा हट्ट त्यांनी धरला नसता, तर तो आवाजही आज आपल्यापर्यंत पोचला नसता.